गवताखाली ठेवलेलं

मिलिंद,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेव्हा नुसता मिलिंद. तुला चालेल. आणि नाही चाललं तरी आता काय करणार आहेस?

तू जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण परवा तुमचा तो सण झाला, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आणि परवा मला कळलं, की तुझ्या पोटात काहीतरी बिनसलंय हे गेल्या वर्षी त्याच दिवशी सहा जणांना माहीत होतं. त्या सहांत मी नव्हते. आपली सई होती.

हो, सांगितलं तिने. आता ऐक. आयुष्यभर मी बोलायला लागले की तुला बाल्कनीतल्या कुंड्या आठवायच्या. आज कुठे जाशील?

तुझा तो पाल्याचा नाद मला कधीच आवडला नाही. चार वर्षांपूर्वी इथे जपानात, आपल्या एदोगावात, स्टेशनजवळच्या लायब्ररीत तू भिंतीवरचा एक कागद वाचलास आणि सुट्टीच्या दिवशी उठून चिबाकडच्या कुठल्याशा शेतावर गेलास. परत आलास तो टोपलीभर गवत घेऊन, आणि तोंडावर तेज असं की नुकती मुंज झालीये! मग मला बसवून सांगितलंस. निशिमुरासान म्हणून सत्तरीच्या एक बाई आहेत, तरुणपणी इंग्लंडात होत्या. तिथे त्यांना चर्चच्या आधीची जुनी दैवतं मानणारी माणसं भेटली. सूर्य, माती, झाडं मानणारी. ती रीत त्यांनी इकडे आणली. उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवशी वनस्पती तोडायच्या, त्यांचे आभार मानायचे, जुडी बांधून वर्षभर दाराशी टांगायची, पुढच्या वर्षी तीच जाळून नवी बांधायची. मी विचारलं, झालं? तू म्हणालास, झालं. मी म्हटलं, आमच्या चिंचवडला हे काम शेळ्या करतात, आणि आभारबिभार मानत नाहीत. तू हसलास. तेव्हा हसायचास तू.

पण मला सांग, माझी आई गणपतीत एकवीस प्रकारची पत्री गोळा करायची, तिच्याबरोबर एकदा तरी गेलास? त्याला तू ‘जंगलतोड’ म्हणायचास. तुळशीचं पान खुडण्याआधी ती हात जोडायची, तर तू गालातल्या गालात. आणि इथे योमोगीच्या झुडपापुढे कमरेत वाकून परवानगी मागायचास! ती योमोगी म्हणजे तरी काय, आपल्या दवण्याची चुलत बहीण, वाससुद्धा तोच. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय?

आणि माझे लाडू. तुमच्यात म्हणे पहिलं झाड तोडायचं नाही, ती आजी, तिला नमस्कार करून पुढे जायचं. आणि घेतलंत तर बदल्यात काहीतरी मागे ठेवायचं. कुणी केस ठेवायचं, कुणी पाणी घालायचं. तू काय ठेवलंस? मी तासभर परतलेल्या बेसनाचे लाडू! मला वाटायचं, डब्यात नेतो, खातो, बरं आहे. सईच्या तोंडून खरं कळलं तेव्हा दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते. लाडू कुणी केले आणि आभार कुणाचे!

एकोणीस वर्षांत तू मला एकदा थँक्यू म्हणाला नाहीस. मी एकदा विचारलंही होतं, तर म्हणालास, घरातल्या घरात कसले आभार, आपल्यात कुठे पद्धत आहे. नाहीये, मान्य. माझे बाबासुद्धा आईला कधी म्हणाले नसतील. पण ते तणालाही म्हणत नव्हते.

एक मात्र खरं सांगते. पहिल्या वर्षीची जुडी बुरसटून काळी पडली, तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. त्या इंग्लंडात जूनमध्ये ऊन पडत असेल, इथे ऐन पावसाळा. पण तू पडलास इंजिनियर! दुसऱ्या वर्षी बाथरूममध्ये कपडे वाळवायचा ड्रायर असतो ना, त्याच्याखाली दांडीवर सगळ्या जुड्या टांगल्यास आणि बटण दाबून दिलंस. तीन दिवस. त्यातल्या एका पाल्याला सडक्या माशाचा वास, तो घरभर. आंघोळीला आपण तिघं कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात, बादल्या घेऊन. सई हसून हसून लोळायची बाकी होती. मीही हसले. तो जून मला आवडला होता, मिलिंद.

दरवर्षी मला म्हणायचास, एकदा ये. गेल्या वर्षी तीनदा म्हणालास. तिसऱ्यांदा मी पोळ्या लाटत होते. पाळणाघरातली नोकरी, सहा दिवस लोकांची पोरं सांभाळून मला एक सुट्टी मिळते, ती मी चिखलात घालवणार नाही, असं म्हणाले आणि लाटणं आपटलं. तू खुर्चीत जाऊन बसलास. सकाळी सईला घेऊन गेलास.

आता कळतंय मला, ते तीनदा विचारणं कशासाठी होतं. मी आले असते तर तिथे, सगळ्यांच्या समोर, मलाही कळलं असतं, असंच ना? ही कुठली तऱ्हा! स्वतःच्या नवऱ्याला काय होतंय ते कळायला बायकोने चिबाला जाऊन गवत कापायचं? स्वयंपाकघर तुझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. चार पावलं टाकून यायचंस. पोळपाटाशी उभं राहून सांगायचंस, मेधा, पोटात दुखतंय, कंपनीच्या तपासणीचं पत्र आलंय, पुन्हा दाखवा म्हणतात. एवढंच. हे काही तीन ट्रेन बदलून सांगायचं नव्हतं.

मी ओरडले असते, म्हणून नाही सांगितलंस. हो, ओरडले असते! बोंब मारली असती, शेजारच्यांनी भिंत ठोकली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तुझी कॉलर धरून तुला दवाखान्यात नेलं असतं. ओरडणारी बायको नको होती तुला. ऐकून मान डोलावणारी माणसं हवी होती.

परवा मी गेले. सई म्हणाली, बाबाची जुडी जाळायला घरचं कुणीतरी लागतं, आणि मी एकटी जाणार नाही. मला वाटलं पोरीला भीती वाटतेय धुराची. रेनकोट, गमबूट घालून, कपाळाला आठ्या घालून गेले. निशिमुरासानच्या भावाचं ते पडीक शेत, त्यात पत्र्याची शेड, शेडमध्ये मातीची शेगडी. निशिमुरासान धरून चार बायका आणि एक रिटायर्ड दाढीवाला. सगळे माझ्यापुढे इतके वाकले की मलाच अवघडल्यासारखं झालं. मला वाटलं, तू गेलास म्हणून. जपानी माणसं वाकतातच.

तुझी जुडी काही पेटेना. दमट होती. निशिमुरासान गुडघ्यावर बसून पंख्याने वारा घालत होत्या, सगळ्यांच्या डोळ्यांत धूर. पेटली एकदाची. मग त्यांनी मला नियम सांगितला. प्रत्येकाने तीन आभार मानायचे. एक मातीतल्या कशाचे, एक स्वतःच्या शरीरातल्या कशाचे, एक माणसाचे. आणि तिथे जे बोललं जाईल ते गवताखाली ठेवायचं. वर्षभर कुणी कुठे बोलायचं नाही. पुढच्या वर्षी जुडी जळली की ते मोकळं. आता गेल्या वर्षीचं मोकळं झालं, असं म्हणून त्या सईकडे बघायला लागल्या.

तीन वर्षं ही मुलगी मला जपानीत उत्तरं देते. जेवलीस का विचारलं तरी जपानीत. ती उभी राहिली आणि मराठीत बोलायला लागली. शाळेत धडा म्हणून दाखवतात तसं, हात बाजूला सरळ ठेवून. बाबाने आधी योमोगीचे आभार मानले. मग पोटाचे. माझं पोट बिचारं कित्येक दिवस कुरकुरतंय, मी ऐकत नाही, कंपनीचं पत्र आलंय, कॅमेरा घालून बघायला सांगतात आणि मला भीती वाटते, असं म्हणाला. एवढं सांगून ती थांबली. मी म्हटलं, आणि माणूस? तिसरं माणूस ना? मला वाटलं, मिलिंद, लाज वाटते सांगायला, मला वाटलं माझं नाव येईल.

“बाबा म्हणाला, सईचे आभार, कारण ती आईला सांगणार नाही.”

चौदा वर्षांची होती रे ती तेव्हा! गणिताच्या पेपरात सात मार्क पडले तर दप्तर लपवणारी पोर. तिच्या डोक्यावर हे ठेवलंस? आणि वर आगाऊ आभार मानून बांधून घातलंस? माझ्यापासून लपवलंस ते एक वेळ मी गिळलं असतं. माझ्यापासून तू पहिल्यांदा थोडंच लपवत होतास! पण तिला भागीदार केलंस. कुठली दैवतं ही, कुठली झाडं, जी हे उभी राहून ऐकत होती?

मी निशिमुरासानवर तुटून पडले. माझं जपानी रागात पार कोलमडतं, अर्धं मराठीच बोलले. म्हटलं, तुम्ही पाच मोठी माणसं मूग गिळून बसलात, एकाला वाटलं नाही माझं दार वाजवावं? त्या ओल्या मातीवर गुडघे टेकून बसल्या, डोकं वर केलं नाही. मग म्हणाल्या, मी त्याला प्रत्येक महिन्याला फोन करत होते. पाला हा औषध नव्हे, दवाखान्यात जा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जुलैत त्याने सांगितलं, जाऊन आलो, सगळं ठीक आहे. म्हणजे त्यांच्याशीही तू खोटंच बोललास. देवाशपथ सांगते, तेवढं ऐकून मला जरा बरं वाटलं.

माझंही सांगते, तेही ऐक. तू बारीक होत होतास आणि मी खूश होते! बारा वर्षं तुझ्या ढेरीच्या मागे लागले होते मी. ऑगस्टमध्ये तू पट्ट्याला नवं भोक पाडलंस तर मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, बघ जावई कसा झालाय. पोळ्या दोनाच्या एक झाल्या, तो काळा काढा प्यायला लागलास, तरी मला वाटलं, चला, झाडपाल्याने एक तरी काम केलं. दोन नव्या पँटी आणल्या, कमी मापाच्या. त्या घालून आरशासमोर उभा राहिलास आणि मला म्हणालास, छान आहेत. तेव्हा तरी बोलायचंस! मी मूर्ख, पण तू तर मूर्ख नव्हतास.

ऑक्टोबरात ऑफिसला जाताना स्टेशनच्या जिन्यावर पडलास. मग दवाखाना. आठवड्याने डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. सईला मी पाणी आणायला खालच्या दुकानात, कोन्बिनीत पाठवलं, म्हणून ती नव्हती. डॉक्टर पोरगेलासा होता, आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. त्याने विचारलं, वार्षिक तपासणी झाली नव्हती का. तू म्हणालास, झाली होती. मी चकित होऊन तुझ्याकडे बघितलं. मग त्याने कागदावर महिने लिहिले, एकाखाली एक, आणि जूनला गोल केला. म्हणाला, निदान जूनमध्ये आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं. मी विचारलं, केलं असतं तर? म्हणाला, बरे झाले असते असं मला वाटतं. तू फरशीकडे बघत होतास. तेव्हा मी समजले, कामाच्या धबडग्यात तपासणीच्या निकालाचं पत्र उघडलं नसेल याने. ज्या बँकेच्या सिस्टिमवर तू रात्रंदिवस राबायचास, तिला शिव्या घातल्या मी. तुझ्या मॅनेजरला घातल्या. बिचारा तुझ्या अंत्यविधीला दोन तास उभा होता.

आणि सई. हिवाळाभर तिने ताटात अन्न चिवडलं. तू आजारी, म्हणून असेल, मला वाटलं. तू गेल्यावर तर सुकतच गेली. मी काय केलं? मार्कांवरून बोलले. एकदा म्हणाले, बाबा गेला म्हणून तुला सगळं माफ नाहीये. ती बाथरूममध्ये जाऊन दार लावून बसली, तासभर. मला काय ठाऊक ती आत काय घेऊन बसलीय! हे तुझं पाप आहे. माझ्या खात्यावर मी घेणार नाही.

परतीची ट्रेन रिकामीच होती. दुपारची वेळ. आमचे दोघींचे बूट चिखलाने भरलेले, ती खिडकीशी, मी शेजारी. तीन स्टेशनं गेली. मग तिने विचारलं. हळू विचारलं, ट्रेनमध्ये बोलत नाहीत ना इथे, आणि पुन्हा मराठीत, म्हणजे कुणाला कळू नये.

“आई, मी तेव्हाच सांगितलं असतं, तर बाबा वाचला असता?”

बघ मिलिंद. तुझ्या भीतीची किंमत काय, ते बघ. तू गेलास फरशीकडे बघत, आणि हा प्रश्न माझ्या मांडीवर ठेवून गेलास. क्षणभरही थांबून चालणार नव्हतं. थांबले असते तर तिला खरं काय ते लगेच कळलं असतं, शेवटी माझीच मुलगी आहे ती.

“नाही गं,” मी म्हटलं. “डॉक्टरांना मी स्वतः विचारलं होतं. वर्षभर आधी गेला असता तरी काही होणार नव्हतं.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. नक्की का, विचारलं. मी म्हटलं, नक्की. मग ती माझ्या दंडावर डोकं ठेवून रडली, एदोगावा येईपर्यंत. समोरचे आजोबा सभ्यपणे छत्रीकडे बघत बसले. उतरल्यावर म्हणाली, भूक लागलीय. कोन्बिनीत जाऊन तिने भाताची दोन ओनिगिरी घेतली, तिथेच बाहेर पावसात उभं राहून खाल्ली, मग तिसरं घेतलं. फेब्रुवारीपासून मी त्या पोरीला मागून घेऊन खाताना पाहिलं नव्हतं.

तर हे असं झालं. ज्या गोष्टीसाठी मी तुला शिव्या देतेय, तीच गोष्ट मी परवा केली, आणि तुझ्यापेक्षा सफाईने केली. मला याचा किती राग आहे ते तुला कळणार नाही. तुझ्यावर राग आहेच. पण तुझ्यासारखं वागल्याशिवाय मला पोर वाचवता येईना, याचा जास्त आहे. तुमच्यात म्हणे माफ करायचीही रीत आहे. निशिमुरासान निघताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी या, तेव्हा त्याचे आभार मानता येतील का बघा. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सई जाणार असेल तर तिला सोडायला जाईन, शेडच्या बाहेर उभी राहीन.

वचन मात्र एक देते. आजवर तुला फार वचनं दिली नाहीत, लग्नातली दिली ती गुरुजींनी म्हणून घेतली. सई उद्या विचारेल, ती वीस वर्षांची होऊन विचारेल, तिला मुलं झाल्यावर विचारेल, मी अंथरुणाला खिळलेली असताना कानाशी येऊन विचारेल. मी नाहीच म्हणेन. दरवेळी तितक्याच पटकन म्हणेन.

कंपनीचं ते पत्र काल सापडलं, तुझ्या ऑफिसच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात. डॉक्टरांनी महिने लिहून दिलेला कागद माझ्याकडे होताच. उद्या आपल्या गल्लीत कागदाचा कचरा नेतात. दोन्हींचे बारीक तुकडे केलेत, पिशवी दाराशी आहे. हे पत्रही सही करून त्यातच टाकणार आहे, नीट फाडून. सईला मराठी वाचता येतं. मीच शिकवलं.

मेधा